फॅनी ब्लँकर्स-कून : एका धावपटूच्या कारकीर्दीचे ऐतिहासिक मूल्यमापन

१

क्रीडेचा इतिहास हा बहुधा कोष्टकांचा इतिहास होऊन बसतो. अमुक वर्षी, अमुक ठिकाणी, अमुक व्यक्तीने अमुक सेकंदांत अंतर कापले, एवढी नोंद झाली की इतिहासकाराचे काम संपले असा समज रूढ आहे. ह्या समजाला एक सबळ कारणही आहे. काळ आणि अंतर ह्यांची मोजणी निःपक्षपाती असते. तिच्यात मताला वाव नसतो. परंतु मोजणी निःपक्षपाती असली तरी जिच्यामुळे मोजणी शक्य झाली ती परिस्थिती निःपक्षपाती असतेच असे नाही. शर्यत कोणी भरविली, तिच्यात कोणास प्रवेश होता, कोणास नव्हता, कोणत्या वर्षी शर्यती झाल्याच नाहीत, हे सर्व कोष्टकाच्या बाहेर राहते. नेदरलंड्सच्या धावपटू फॅनी ब्लँकर्स-कून (१९१८–२००४) यांची कारकीर्द ह्या दृष्टीने अभ्यासनीय आहे. त्यांच्या नावावर ऑलिंपिकची चार सुवर्णपदके आहेत, आणि ती चारही एकाच आठवड्यात मिळालेली आहेत. त्या आठवड्याच्या अलीकडे बारा वर्षांची आणि पलीकडे चार वर्षांची पोकळी आहे. ही पोकळी कशाने निर्माण झाली आणि तिचा हिशेब कसा धरावयाचा, हा येथे विचारात घ्यावयाचा मुख्य प्रश्न होय.

२

फ्रान्सिना कून यांचा जन्म २६ एप्रिल १९१८ रोजी बार्नजवळील लाख व्ह्यूर्श ह्या खेड्यात झाला. वडील सरकारी नोकरीत होते आणि स्वतः गोळाफेक व थाळीफेक करीत. घरात खेळाचे वातावरण असल्यामुळे मुलीच्या मैदानी हौसेस विरोध झाला नाही. त्या पोहण्यातही निष्णात होत्या. परंतु त्या काळी नेदरलंड्समध्ये उत्तम जलतरणपटू मुलींची वाण नव्हती. तेव्हा नाव मिळवावयाचे तर धावण्याच्या मैदानावर मिळवावे, असा सल्ला त्यांना पोहण्याच्या शिक्षकाकडूनच मिळाला. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये डच जलतरणपटू री मास्टेनब्रुक यांनी तीन सुवर्णपदके मिळविली, हे ध्यानात घेता तो सल्ला किती व्यवहारी होता हे कळून येते.

१९३५ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, त्यांनी स्पर्धांत भाग घेण्यास आरंभ केला आणि थोड्याच अवधीत ८०० मीटर धावण्याचा राष्ट्रीय विक्रम प्रस्थापित केला. येथेच त्यांच्या कारकीर्दीवर पहिली मर्यादा पडलेली दिसते. स्त्रियांच्या मैदानी शर्यतींना ऑलिंपिकमध्ये प्रथम प्रवेश मिळाला तो १९२८ साली, आम्स्टरडाम येथे; आणि तोही सुखासुखी मिळालेला नव्हता. आधुनिक ऑलिंपिकचे प्रवर्तक पिएर द कुबेर्तँ यांचा स्त्रियांच्या सहभागास विरोध होता. अलिस मिलिआ ह्या फ्रेंच कार्यकर्तीने १९२२ पासून स्त्रियांचे स्वतंत्र जागतिक सामने भरवून दाखविले, तेव्हा कोठे ह्या विरोधाची धार बोथट झाली. आम्स्टरडाम येथे स्त्रियांसाठी पाच प्रकार ठेवण्यात आले होते आणि त्यांत ८०० मीटरची शर्यत होती. शर्यत संपल्यावर काही स्पर्धक थकून मैदानावर आडव्या झाल्या. थकलेला पुरुष धावपटू आडवा झाला तर तो पराक्रमाचा पुरावा ठरतो. येथे मात्र तो स्त्रीदेहाच्या दौर्बल्याचा पुरावा ठरविण्यात आला. वृत्तपत्रांनी घटनेचे अतिरंजित वर्णन केले आणि ती शर्यत ऑलिंपिकमधून वगळण्यात आली. ती पुन्हा सुरू झाली १९६० साली. म्हणजे ज्या अंतरावर ह्या मुलीचे गुण प्रथम दिसून आले ते अंतरच तिला बंद होते. अल्पांतराच्या शर्यती, अडथळ्यांची शर्यत आणि उड्या ह्यांकडे तिला वळावे लागले ते केवळ आवडीमुळे नव्हे, हे ध्यानात ठेवणे अवश्य आहे.

त्यांना घडविणारे शिक्षक यान ब्लँकर्स हे पूर्वी तिहेरी उडीचे खेळाडू होते आणि १९२८ च्या ऑलिंपिकमध्ये उतरले होते. ते वयाने चौदा वर्षांनी मोठे असून व्यवसायाने क्रीडापत्रकार होते. स्त्रियांनी स्पर्धेत उतरू नये असे त्यांचे आरंभीचे मत होते. पुढे ते मत बदलले, इतकेच नव्हे तर १९४० साली दोघांचा विवाह झाला. १९३६ साली बर्लिन येथे फॅनी उंच उडीत आणि ४ × १०० मीटर रिले शर्यतीत उतरल्या. पदक मिळाले नाही. रिले संघ पाचवा आला. त्या सामन्यांची त्यांच्यापाशी राहिलेली ठेव म्हणजे जेसी ओवेन्स यांची स्वाक्षरी. १९३८ साली त्यांनी १०० यार्ड धावण्याचा जागतिक विक्रम ११.० सेकंदांवर आणला आणि त्याच वर्षी व्हिएन्ना येथील युरोपीय सामन्यांत १०० व २०० मीटरमध्ये तिसरा क्रमांक मिळविला. वय वीस, उत्कर्ष चालू, आणि पुढचे ऑलिंपिक दोन वर्षांवर; अशा स्थितीत १९३९ साल उजाडले.

३

१९४० चे ऑलिंपिक प्रथम टोकियोस व्हावयाचे होते, नंतर ते हेलसिंकीस ठरले, आणि अखेर झालेच नाही. १९४४ चे सामने लंडनला द्यावयाचे ठरले होते; तेही झाले नाहीत. १० मे १९४० रोजी जर्मन सैन्य नेदरलंड्समध्ये शिरले आणि पाच वर्षांचा परचक्राचा काळ सुरू झाला. बावीस ते सव्वीस ही वये धावपटूच्या आयुष्यातील ऐन उमेदीची. ती दोन्ही ऑलिंपिके युद्धाने गिळली.

तथापि ह्याच काळात त्यांचे विक्रम घडले, ही गोष्ट चमत्कारिक वाटेल. थोरल्या मुलाच्या जन्मानंतर त्यांची कारकीर्द संपली असे डच वृत्तपत्रांनी गृहीत धरले होते. त्यांनी काही आठवड्यांतच सरावास सुरुवात केली. १९४२ साली ८० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत त्यांनी ११.३ सेकंदांचा जागतिक विक्रम केला. १९४३ च्या मे महिन्यात उंच उडीचा विक्रम १.६६ मीटरवरून एकदम १.७१ वर नेला, आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये लांब उडीत ६.२५ मीटर अंतर गाठले. उंच उडीचा विक्रम १९५१ पर्यंत आणि लांब उडीचा १९५४ पर्यंत टिकला. १०० मीटरच्या जागतिक विक्रमाशीही त्यांनी बरोबरी केली. परंतु ती शर्यत पुरुषांसमवेत धावलेली असल्यामुळे तिला मान्यता मिळाली नाही. १९४४ च्या मे महिन्यात, अन्नाची टंचाई जाणवू लागली असताना, १०० यार्डांचा विक्रमही पुन्हा त्यांच्या नावे झाला. त्यानंतरच्या हिवाळ्यात नेदरलंड्सच्या पश्चिम भागात दुष्काळ पडला आणि वीस हजारांहून अधिक माणसे अन्नावाचून मेली. १९४५ साली त्यांना मुलगी झाली.

हे विक्रम वाचताना इतिहासकाराने एका प्रश्नास बगल देता कामा नये. ज्या मैदानांवर हे विक्रम झाले तेथे कोणाला मज्जाव होता? सप्टेंबर १९४१ पासून नेदरलंड्समधील ज्यूंना सार्वजनिक क्रीडांगणांवर बंदी घालण्यात आली. आम्स्टरडाम येथे १९२८ साली डच स्त्रियांच्या जिम्नॅस्टिक संघाने सुवर्णपदक जिंकले होते. त्या संघातील स्टेला आखस्टेरिबे, युडिके सिमोन्स, हेलेना नॉर्डहाइम आणि आना पोलाक ह्या चार ज्यू खेळाडू, तसेच संघाचे शिक्षक खेरिट क्लीरकोपर, ह्यांची १९४३ साली ऑश्वित्झ व सोबिबोर येथील छावण्यांत हत्या करण्यात आली. एल्का दे लेव्ही ही ज्यू सहकारी तेवढी वाचली. ज्या वर्षी एक डच क्रीडापटू जगातील सर्वांत उंच उडी मारीत होती, त्याच वर्षी तिच्याच देशाच्या चार ऑलिंपिक विजेत्या मारल्या जात होत्या. ह्या दोन घटनांत कार्यकारणसंबंध नाही, आणि पहिलीचा दोष दुसरीच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. परंतु १९४३ च्या डच क्रीडा-इतिहासाचे पान लिहिताना दोन्ही नोंदी एकाच पानावर यावयास हव्यात. युद्धकाळातील क्रीडा म्हणजे दैन्यातही टिकून राहिलेली उमेद, असे तिचे गौरवपूर्ण वर्णन करण्याची प्रथा आहे. ते वर्णन असत्य नाही. ते अपुरे आहे.

४

युद्धानंतरचे पहिले मोठे सामने १९४६ साली ओस्लो येथे झाले. तेथे फॅनी १०० मीटरच्या उपांत्य शर्यतीत पडल्या; मात्र अडथळ्यांची शर्यत आणि रिले ह्या दोहोंत त्या विजयी झाल्या. १०० आणि २०० मीटरची पदके सोव्हिएट रशियाच्या येवगेनिया सेचेनोवा यांनी जिंकली. ही नोंद पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

१९४८ च्या लंडन ऑलिंपिकच्या वेळी त्या तीस वर्षांच्या व दोन मुलांच्या आई होत्या. सामन्यांपूर्वी ब्रिटिश संघाचे व्यवस्थापक जॅक क्रंप यांनी, वयामुळे त्या यशस्वी होणार नाहीत, असे मत प्रकट केले होते. घरून निघताना, मुलांना सोडून आईने धावावयास जाणे अनुचित आहे असे सांगणारी पत्रेही त्यांना आली होती. २ ऑगस्ट रोजी चिखल झालेल्या धावमार्गावर १०० मीटरची अंतिम शर्यत त्यांनी ११.९ सेकंदांत जिंकली. ४ ऑगस्टला अडथळ्यांच्या शर्यतीत त्यांची गाठ एकोणीस वर्षांच्या मॉरीन गार्डनर ह्या ब्रिटिश धावपटूशी पडली. सुरुवात चुकली, एका अडथळ्यास पाय लागून तोल गेला, आणि दोघी जणू एकाच क्षणी अंतिम रेषेवर आल्या. दोघींची वेळ ११.२ सेकंद अशीच लागली. निकाल जाहीर होण्यापूर्वी ब्रिटिश राष्ट्रगीत वाजू लागले तेव्हा आपण हरलो असेच फॅनींना वाटले. वस्तुतः ते गीत राजघराण्यातील मंडळींच्या आगमनानिमित्त वाजत होते.

ह्यानंतरचा प्रसंग त्यांच्या चरित्रकारांनी आवर्जून सांगितला आहे. २०० मीटरची उपांत्य शर्यत समोर असताना त्यांना रडू कोसळले आणि घरी परत जाण्याची इच्छा त्यांनी पतीपाशी व्यक्त केली. पतीने समजूत घातली. त्यांनी शर्यत धावली, आणि ६ ऑगस्टला अंतिम शर्यत २४.४ सेकंदांत, दुसऱ्या क्रमांकाच्या ऑड्रे विल्यमसन यांना सात दशांश सेकंदांनी मागे टाकून, जिंकली. २०० मीटरची शर्यत स्त्रियांसाठी ऑलिंपिकमध्ये त्याच वर्षी प्रथम ठेवण्यात आली होती. सबब त्या ह्या अंतरावरील पहिल्या ऑलिंपिक विजेत्या होत. दुसऱ्या दिवशी रिले शर्यतीत शेवटचा टप्पा त्यांच्याकडे होता. दांडी हाती आली तेव्हा नेदरलंड्स मागे होते. अंतर भरून काढून त्यांनी ऑस्ट्रेलियाच्या संघास दशांश सेकंदाने हरविले. स्त्रियांच्या एकूण नऊ मैदानी प्रकारांपैकी चार प्रकारांची सुवर्णपदके अशा रीतीने एकीच्या वाट्याला आली.

ह्या यशाचे मोजमाप करताना दोन परस्परविरुद्ध बाबी पुढे येतात. पहिली बाब यश वाढवून दाखविणारी आहे. तत्कालीन नियमानुसार एका स्पर्धकास तीनच वैयक्तिक प्रकारांत भाग घेता येई. लंडन येथे उंच उडीची स्पर्धा १.६८ मीटरवर आणि लांब उडीची स्पर्धा ५.६९ मीटरवर जिंकली गेली. फॅनींचे त्या वेळी चालू असलेले जागतिक विक्रम अनुक्रमे १.७१ आणि ६.२५ मीटरचे होते. ह्यावरून सहा सुवर्णपदके त्यांना मिळालीच असती असा निष्कर्ष काही लेखक काढतात. तो घाईचा आहे. पाच वर्षांपूर्वीचा, अनुकूल प्रसंगी केलेला विक्रम आणि एका आठवड्यात अकरा शर्यती धावलेल्या स्त्रीची त्याच आठवड्यातील उडी ह्यांची बरोबरी करता येत नाही. नियमाने त्यांची संधी हिरावली एवढेच निश्चयाने म्हणता येते.

दुसरी बाब यश कमी करून दाखविणारी आहे. लंडनच्या सामन्यांस जर्मनी व जपान ह्यांना निमंत्रण नव्हते, आणि सोव्हिएट रशियाने भाग घेतला नव्हता. ओस्लो येथील दुहेरी विजेत्या सेचेनोवा लंडनला नव्हत्या. मग १०० व २०० मीटरमधील विजय प्रतिस्पर्ध्याच्या अनुपस्थितीमुळे मिळाला असे म्हणावयाचे काय? सुदैवाने ह्या आक्षेपाचे उत्तर अनुमानाने द्यावे लागत नाही. १९५० साली ब्रुसेल्स येथील युरोपीय सामन्यांत दोघी समोरासमोर आल्या. बत्तीस वर्षांच्या फॅनींनी १००, २०० आणि ८० मीटर अडथळे ह्या तिन्ही शर्यती जिंकल्या, आणि पहिल्या दोहोंत सेचेनोवा दुसऱ्या आल्या. लंडनच्या विजयाचे खरे प्रमाणपत्र ब्रुसेल्सचे आहे. चार पदकांच्या तेजापुढे हा पुरावा झाकोळून जातो; म्हणून त्याचा निर्देश येथे विशेषत्वाने केला आहे.

५

विजयानंतर आम्स्टरडाममध्ये त्यांची चार घोड्यांच्या गाडीतून मिरवणूक निघाली. शासनाने मानाची पदवी दिली. शेजाऱ्यांनी सायकल भेट दिली. हौशी खेळाडूंविषयीचे नियम कडक असल्यामुळे ह्याहून मोठी प्राप्ती होणे शक्यही नव्हते. इंग्रजी वृत्तपत्रांनी त्यांना ‘उडती गृहिणी’ हे नाव दिले, आणि ते चिकटले.

हे नाव इतिहासाच्या दृष्टीने निरुपद्रवी नाही. त्याच सामन्यांतील कोणाही पुरुष विजेत्याचे नाव त्याच्या संसारावरून पडले नाही. ज्या गोष्टीबद्दल आधी निंदा झाली, तीच गोष्ट यशानंतर कौतुकाचे विशेषण झाली. परंतु निंदेत आणि कौतुकात गृहीतक एकच होते. स्त्रीचे खरे स्थान घर, आणि धावणे हा त्याला अपवाद, हे ते गृहीतक. ह्या विशेषणामुळे आणखी एक गोष्ट झाकली गेली. सराव आठवड्यातून मोजकेच दिवस, मुले बरोबर मैदानावर, उरलेला वेळ स्वयंपाक व शिवणकाम, असे जे सुबक चित्र प्रसिद्ध झाले त्यातून असे भासते की हे यश जणू सहज, घरकामातून उरलेल्या वेळात घडले. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या केस कोमान यांच्या डच चरित्राने ह्या चित्रास छेद दिला. त्यात दिसणारी स्त्री महत्त्वाकांक्षी, स्वतःविषयी साशंक आणि जिंकण्याच्या बाबतीत कठोर आहे. सोळा-सतरा वर्षे अव्वल दर्जाच्या स्पर्धांत टिकणाऱ्या कोणाही खेळाडूच्या ठायी हे गुण असतात. पुरुषाच्या चरित्रात ते गुण म्हणूनच वर्णिले जातात.

दुसऱ्या बाजूने पाहता ह्या नावाचे काही कार्य झाले हेही मान्य करणे प्राप्त आहे. विवाह आणि मातृत्व ह्यांनंतर स्त्रीची क्रीडा संपते ही समजूत एका युक्तिवादाने खोडली गेली नसती. ती त्या आठवड्यातील अकरा शर्यतींनी खोडली.

६

१९४९ साली त्यांनी ऑस्ट्रेलिया व अमेरिकेचा दौरा केला. ऑस्ट्रेलियात मार्जरी जॅक्सन ह्या तरुण मुलीने त्यांना हरविले; हीच मुलगी १९५२ साली हेलसिंकी येथे १०० व २०० मीटरची विजेती झाली. फॅनी हेलसिंकीस गेल्या त्या वेळी चौतीस वर्षांच्या होत्या आणि गळवाच्या विकाराने बेजार होत्या. १०० मीटरमधून त्यांनी माघार घेतली. अडथळ्यांच्या अंतिम शर्यतीत आरंभीचे अडथळे पायाला लागले आणि त्या थांबल्या. ऑलिंपिकमधील ती त्यांची अखेरची शर्यत ठरली. विजय ऑस्ट्रेलियाच्या शर्ली स्ट्रिकलंड यांना मिळाला.

ह्या प्रसंगाशी भारतीय वाचकाचा एक धागा जुळतो. त्याच ८० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीच्या प्राथमिक फेरीत बंगालच्या नीलिमा घोष धावल्या होत्या. आणि १०० व २०० मीटरमध्ये मुंबईतील वांद्र्याच्या मेरी डिसोझा उतरल्या होत्या. डिसोझा यांनी आदल्या वर्षी दिल्लीच्या आशियाई सामन्यांत २०० मीटरमध्ये कांस्यपदक आणि रिले शर्यतीत रौप्यपदक मिळविले होते. स्वतंत्र भारताच्या स्त्रियांनी ऑलिंपिकच्या धावमार्गावर पाऊल टाकले ते ह्याच सामन्यांत. दोघीही प्राथमिक फेरीपुढे गेल्या नाहीत, म्हणून कोष्टकांत त्यांना फारसे स्थान नाही. परंतु एक मोठी कारकीर्द ज्या मैदानावर थांबली, त्याच मैदानावर दुसऱ्या एका देशातील स्त्रियांच्या क्रीडेचा आरंभ झाला, ही नोंद भारतीय क्रीडेच्या अभ्यासकाने विसरू नये.

१९५५ साली गोळाफेकीचे राष्ट्रीय विजेतेपद मिळवून फॅनी ब्लँकर्स-कून निवृत्त झाल्या. त्यांची एकूण राष्ट्रीय विजेतेपदे ५८ भरतात. पुढे अनेक वर्षे त्यांनी डच मैदानी संघाची धुरा वाहिली. १९८१ पासून हेंगेलो येथे त्यांच्या नावाचे आंतरराष्ट्रीय सामने भरू लागले, आणि १९९९ साली आंतरराष्ट्रीय मैदानी क्रीडा महासंघाने त्यांची शतकातील सर्वश्रेष्ठ स्त्री क्रीडापटू म्हणून निवड केली. अखेरच्या वर्षांत स्मृतिभ्रंशाचा विकार जडला. २५ जानेवारी २००४ रोजी, वयाच्या ८५ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

७

वरील विवेचनाचा निष्कर्ष थोडक्यात असा. ह्या कारकीर्दीतील पोकळी तीन प्रकारची आहे. ८०० मीटरची शर्यत आणि दोन उड्या ही नियमांनी निर्माण केलेली पोकळी; १९४० व १९४४ ही युद्धाने निर्माण केलेली; आणि मातृत्वामुळे निर्माण होईल अशी जी लोकांनी अपेक्षिली होती ती तिसरी. ह्यांपैकी तिसरी प्रत्यक्षात निर्माण झालीच नाही, आणि तिचीच चर्चा सर्वांत अधिक झाली. पहिल्या दोहोंविषयी मात्र मौन राहिले. कारण नियम आणि युद्ध ह्यांना त्या काळचे लोक परिस्थिती म्हणत, आणि स्त्रीच्या संसारास तिची निवड. इतिहासकाराने हा क्रम उलटा करून पाहावयास हवा. असे केल्याने चार पदकांचे मोल कमी होत नाही. ती कोणत्या किमतीत मिळाली, आणि त्याच काळात इतर कितीजणींना ती किंमत देण्याचीही संधी नाकारली गेली, हे मात्र कळू लागते.